गुनवॉरची रिकामी जागा

५ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा तोच चावा! त्याच जागी, तेवढाच. आलेखाची डावी बाजू टेकडीसारखी सावकाश उतरते, आणि उजवीकडे मध्येच एक घास तोडलेला. म्हणजे माझी चूक नाही. म्हणजे तारा खरंच एकांगी आहे.

स्टाफान — माझा मार्गदर्शक, कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष — त्याने चष्मा कपाळावर चढवला. त्याच्या हिशेबात ह्या टाळ्याच. म्हणाला, "तिसरं प्रकरण झालं म्हणायचं. एप्रिलात ठोकून टाक."

ठोकायचा म्हणजे खरोखरच ठोकायचा — प्रबंध, खिळ्याने, जिन्यापाशी टांगलेल्या फळीवर, सगळ्यांदेखत. एवढी वर्षं या बेटावर काढली ती त्या एका खिळ्यासाठी. तो बसला की आतला शब्दही बदलता येत नाही. येणारे-जाणारे वाचतात, चुका हुडकतात, आणि तीन आठवड्यांनी भर सभेत उलटतपासणी. माझी पहिली दोन प्रकरणं म्हणजे उकडलेले बटाटे. जेवण म्हणावं ते तिसऱ्यातच.

गुरुवार म्हणून गुनवॉर कॉफीला आली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गुरुवार सोडत नाही. इथल्या प्रत्येकाला तिनेच कधी ना कधी शिकवलंय, स्टाफानलासुद्धा. आता तिच्या नजरेच्या मधोमध काहीच उरलेलं नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. त्यामुळे बोलताना ती आपल्या कानापलीकडे बघते, आणि नवखा माणूस मागे वळून पाहतो. मी तिच्या तळहातावर बोटाने आलेख काढून दाखवते. पहिल्यांदा गंमत म्हणून केलं होतं. आता ती बसल्याबरोबर हातच पुढे करते.

आज टेकडी काढली, मग चावा काढला. तिने हात मिटून घेतला, जरा वेळ तसाच ठेवला. मग नेहमीचा प्रश्न — "आणि रिकामी जागा कशी आहे?"

"रिकामीच!" आम्ही सगळे एका सुरात. दर गुरुवारचं हे ठरलेलंच आहे. मग सगळे हसतात आणि दालचिनीचे पाव संपतात.

११ फेब्रुवारी, बुधवार

ओसियानने आज होडीला तेल लावता लावता विचारलं, तुझा तारा नेमकं करतो काय? चार वर्षं एकत्र राहतोय आणि आत्ता विचारतोय! पण हात तेलात असले की त्याला ऐकायला सुचतं, म्हणून सांगितलं.

थंड, काळा वायूचा ढग असतो. स्वतःच्याच वजनाने आत कोसळायला लागतो, कोसळताना गरगरतो. मधे तारा जमायला लागतो. पण गरगरणारं सगळंच आत घेतलं तर तारा जमणारच नाही, ते फिरतच राहील. म्हणून जेवढं आत येतं त्यातलं थोडं तो बाहेर फेकतो — वरून आणि खालून, दोन झोत, प्रचंड वेगाने. ते झोत आजूबाजूचा ढग ढकलत नेतात. एक झोत आपल्याकडे येतो, एक आपल्यापासून लांब जातो. फेकतो म्हणून वाढतो.

ओसियान म्हणाला, "म्हणजे दूध पिता पिता ओकणारं बाळ."

पाच वर्षांत माझ्या विषयाची एवढी अचूक व्याख्या कुणी केली नव्हती. चिडावं की लिहून घ्यावं कळेना. घेतली लिहून.

आणि माझं बाळ एकाच बाजूला नीट ओकतं. लांब जाणाऱ्या झोतात मधला एक घास गायब आहे. असं का, ह्यावर माझं सगळं तिसरं प्रकरण.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज सेमला, म्हणजे क्रीम भरलेले गोड पाव, खायचा दिवस. तीन खाल्ले. क्रीम नाकाला. आयुष्यात सुख आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कोरडी थंडी पडलीय. समुद्र कडेने गोठलाय आणि आभाळ काचेसारखं. पाणी नसलेली हवा म्हणजे आमची दिवाळीच म्हणायची. रेडिओ दुर्बिणीला दिवस काय, रात्र काय — भर दुपारी पांढऱ्या घुमटाच्या आत आमची तबकडी ययाती तारकासमूहाकडे तोंड करून बसलेली. मी शेजारच्या खोलीत, पायात लोकरीचे मोजे, हातात कॉफी. एवढा मऊ आवाज येतो त्या यंत्राचा! झोप आणि जाग यांच्या मधल्या पायरीवर बसल्यासारखं वाटतं.

मी डोळे मिटून त्या ढगात जाते कधी कधी. कुणाला सांगत नाही, स्टाफान चष्मा कपाळावर नाही, खिशातच ठेवील. तिथे आवाज नाही. काळोख नुसता काळा नाही, जाड आहे. मधोमध कुठेतरी कोमट. आणि मग ते कोमटपण एकदम दोन्हीकडे हात पसरतं, आळस द्यावा तसं. आज जो उजेड पकडतेय तो तिथून निघाला तेव्हा आमच्या गावातलं दगडी चर्चही बांधलेलं नव्हतं. तो तारा आता कदाचित मोठाही झाला असेल. पण माझ्यापुरता तो पाळण्यातच आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

एक विचित्र गोष्ट. नकाशाच्या कडेला, जिथे माझ्या ताऱ्याचा झोत पोचतच नाही, तिथेही तोच खड्डा आहे. त्याच वेगाला, म्हणजे आलेखात त्याच जागी. आणि तिथे टेकडी नाहीच, त्यामुळे खड्डा शून्याच्या खाली गेलाय.

शून्याच्या खाली! काहीच नाही त्याहूनही कमी वायू?

स्टाफान म्हणाला, "यंत्राची लहर. सपाट करून टाक." केलं सपाट. मग पुन्हा मूळचं काढून पाहत बसले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

गुनवॉर आली नाही. सर्दी. मला बरं वाटलं, आणि बरं का वाटलं ते कळून अजिबात बरं वाटलं नाही.

३ मार्च, मंगळवार

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं शांत होईल.

आकाशातून येणारा आवाज अगदी बारीक असतो आणि आपल्या हवेचा, यंत्राचा गोंगाट डोंगराएवढा. म्हणून दुर्बीण आधी ताऱ्याकडे बघते, मग शेजारच्या रिकाम्या आभाळाकडे, मग पुन्हा ताऱ्याकडे. एकातून दुसरं वजा. उरेल ते ताऱ्याचं. दूध तोलताना आधी रिकामं भांडं तोलतात तसं.

ययातीच्या त्या भागात आम्ही सगळे एकच भांडं वापरतो — गुनवॉरची रिकामी जागा. माझ्या जन्माआधीपासून. स्टाफानने मला पहिल्याच आठवड्यात तिच्या आकाशातल्या पत्त्याचे अंक पाठ करायला लावले होते. त्याने स्वतः तेच वापरले, त्याच्या आधीच्यांनीही. कुणी पुन्हा तपासलं नाही. नळाला पाणी आहे का हे कुणी रोज तपासतं का?

पण भांड्यात आधीच थोडं दूध असेल तर? तर दूध कमी भरणार. आणि दूध मुळीच नसेल तिथे वजन शून्याखाली जाणार.

मला हे लिहायचं नव्हतं.

६ मार्च, शुक्रवार

केलं. कुणाला न विचारता, माझ्याच वाट्याच्या वेळात. तोच तारा, तीच यंत्रं, फक्त वजा करायला दुसरी जागा — ढगापासून चांगली लांब.

चावा भरून आला. टेकडी दोन्हीकडे सारखी. डावी-उजवी, देखणी, निरोगी, चारचौघांसारखी! माझा तारा एकांगी नाही. तो दोन्ही बाजूंनी झकास ओकतो.

समुद्रावर गेले. बर्फ सुटायला लागलंय, तुकडे एकमेकांवर घासून किणकिणतात. बराच वेळ ऐकत बसले. तिसरं प्रकरण त्याच आवाजात बुडालं. खरं सांगायचं तर रडले, आणि मग भूक लागली म्हणून घरी आले.

९ मार्च, सोमवार

स्टाफानला दाखवलं. तो पुष्कळ वेळ बघत राहिला. चष्मा डोळ्यांवरच.

तो वाईट माणूस नाही, हे आधी लिहिते. तो म्हणाला की चूक मोठी नाही. जुन्या यंत्रांना तिथलं काही ऐकूच आलं नसतं, त्यामुळे मागचं सगळं जवळपास बरोबरच आहे. नव्या यंत्राचे कान तिखट, म्हणून आत्ता दिसतंय. एक टीप टाकू, उन्हाळ्यानंतर सविस्तर बघू. तिसऱ्या प्रकरणात ‘एकांगी’च्या जागी ‘एकांगी असण्याची शक्यता’ लिहू.

मी म्हटलं, पण शक्यता नाहीये ना.

मग त्याने कपाट उघडलं आणि मऊ कापडात गुंडाळलेली एक पितळी पाटी काढली. नऊ एप्रिलला गुनवॉरचा पंचाहत्तरावा वाढदिवस. सगळ्यांनी मिळून करून घेतलीय. वर त्या जागेचे अंक, खाली खोल अक्षरांत कोरलेलं — ‘गुनवॉरची रिकामी जागा’. अक्षरं खोल का, तर तिला बोटांनी वाचता यावीत.

"डोळे गेले तिचे, टीरा," तो म्हणाला. "आकाशात तिच्या नावाचं एवढंच आहे. ते आत्ता काढून घ्यायचं आपण?"

मी पाटी पुन्हा कापडात गुंडाळून दिली. सोळा एप्रिलला खिळा.

१२ मार्च, गुरुवार

गुनवॉरच्या घरी गेले, सर्दी अजून आहे म्हणून. सूप नेलं. तिने मला खिडकीशी बसवलं आणि माझ्या कानापलीकडे बघत एक गोष्ट सांगितली, जी म्हणे मुलीलाही सांगितलेली नाही.

तिच्या नजरेतली ती मधली रिकामी जागा — ती रिकामी नाही. तिथे गोष्टी येतात. कधी जाळीदार नक्षी, लेसच्या पडद्यासारखी. कधी टोप्या घातलेली बोटभर माणसं, रांगेने, कुठेतरी कामाला निघाल्यासारखी. तिच्याकडे बघतही नाहीत! परवा सुपाच्या वाटीत अख्खी बाग फुलली होती. डॉक्टर म्हणतात, डोळ्यांकडून काही येईनासं झालं की डोकं आपलं आपण काहीतरी भरतं. वेड नाही. होतं असं पुष्कळांना.

"मग मुलीला सांग की," मी म्हटलं.

"ती म्हणेल, आई, तिथे काही नाहीये." गुनवॉर हसली. "हे वाक्य मी एकदा ऐकलंय. पुन्हा नको."

मी विचारलं नाही, केव्हा ऐकलंस. मी माझंच एक वाक्य घेऊन आले होते. खिडकीबाहेर धुकं इतकं दाट की समुद्र नव्हताच. आम्ही दोघी त्या पांढऱ्याकडे बघत बसलो — तिला त्यात टोपीवाले दिसत असतील, मला दुसरंच काही.

निघताना तिने हात पुढे केला. मी टेकडी काढली. चाव्यापाशी आले आणि बोट तसंच घसरत नेलं, जुन्या चुकीच्या आलेखासारखा घास तोडला.

"रिकामी जागा कशी आहे?"

"रिकामीच," मी म्हटलं. आज एकटीच होते म्हणताना. कुणी हसलं नाही.

१३ मार्च, शुक्रवार

झोप नाही. ओसियान म्हणतो, होडीला भोक असेल तर ते पाण्यात टाकायच्या आधी सांगावं. मी म्हटलं, ही होडी केव्हाचीच पाण्यात आहे आणि तरंगतेय. तो म्हणाला, मग भोक नसेल. सुतारकाम करणाऱ्या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

२६ मार्च, गुरुवार

‘एकांगी असण्याची शक्यता’ टंकून झालं. वाचायला इतकं गोड वाटतं! खोटं नेहमी बेतशीर शिवलेलं असतं.

गुनवॉर कॉफीला आली होती. माझ्या बोटाने पुन्हा तोच खोटा चावा काढला. ती म्हणाली, "तुझं बोट थंड पडलंय हल्ली."

९ एप्रिल, गुरुवार

वाढदिवस झाला. बदामाचा केक, झेंडा, गाणं, चारदा हुर्रे. स्टाफानने भाषण केलं, चक्क चांगलं. म्हणाला, आपण सगळे आयुष्यभर आकाशात जे जे शोधत आलो, ते गुनवॉरने दिलेल्या काहीच-नाहीवर उभं राहून. सगळ्यांचे डोळे ओले.

मग पाटी. तिने ती मांडीवर घेतली आणि बोट फिरवायला सुरुवात केली. अंक वाचले. मग अक्षरं — एकेक, सावकाश. शेवटाला पोचून बोट पुन्हा मागे आलं आणि ‘रिकामी’ या शब्दावर थांबलं. फार वेळ. खोलीत सगळे हसऱ्या चेहऱ्याने उभे.

"छान कोरलंय," ती म्हणाली. "पुसणार नाही."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. मी वाजवल्या नाहीत. हातात कप होता, हे निमित्त. ती किती आनंदात आहे असं सगळे म्हणत होते. मला तिचा चेहरा दमलेला दिसला.

हे मला जमणार नाही. तिला दुखावणं परवडलं, पण तिच्या हातावर खोटं काढणं नको. तो हात डोळ्यांच्या जागी आहे.

१० एप्रिल, शुक्रवार

सांगितलं.

ती बागेत बसली होती, पांघरूण लपेटून. मी बसले, आणि भाषण पाठ केलं होतं ते सगळं विसरले. म्हटलं, हात दे. आधी टेकडी काढली, खरी, दोन्हीकडे सारखी. म्हटलं, हा माझा तारा. मग म्हटलं, आता हे फक्त तुझ्या जागेचं, माझ्या ताऱ्याचं काही नाही यात. आणि तळहातावर सपाट रेघ ओढली, मधे मनगटाकडे उतरणारा खड्डा, पुन्हा सपाट.

मी भराभरा बोलत सुटले — की मागच्यांचं काम चुकलेलं नाही, जुन्या यंत्रांना कळलंच नसतं, तुझा दोष नाही, कुणाचाच नाही, पण ती जागा रिकामी नाही गं, मला माफ कर, रिकामी नाही.

"पुन्हा काढ," ती म्हणाली.

पुन्हा काढलं. मग तिने हात उचलला आणि सावकाश फिरवला — बोटं खाली, मनगट वर. आणि माझं बोट धरून त्याच रेघेवरून पुन्हा नेलं. सपाट, मग वर चढणारी टेकडी, मग सपाट.

वजा केलेलं होतं ना! म्हणून खड्डा. उलटं केलं की शिखर! हे मला माहीत नव्हतं असं नाही. दीड महिना उशाला घेऊन झोपले होते. पण मला त्यात नुसती गमावलेली गोष्ट दिसत होती. तिच्या हातावर पहिल्यांदा दिसलं की तिथे काहीतरी आहे.

"रुंद आहे का तळाशी?" तिने विचारलं. "कडा सावकाश उतरतात?"

"उतरतात."

"मग ढग नाही तो नुसता, ढगाचे वेग एवढे पसरत नाहीत. कुणीतरी फेकतंय." तिने हात पांघरुणात घेतला, जपून, काही सांडेल असा. "तिकडे सरळ बघ, टीरा. वजा करू नकोस. त्याच्याकडेच बघ."

मी माफीचं पुन्हा काढलं तर म्हणाली, गप गं. किती मोठ्या मनाची बाई! एवढं सगळं जातंय तिचं, आणि मलाच समजावतेय.

१३ एप्रिल, सोमवार

स्टाफानला सांगितलं की सोळाला ठोकत नाही. तिसरं प्रकरण काढून टाकतेय. तो म्हणाला, तिसरं काढलं तर उरतं काय? मी म्हटलं, बटाटे.

तो संतापला, मग खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग विचारलं, गुनवॉर कशी आहे? मी सांगितलं, बागेत बसून कुठेतरी कानापलीकडे बघत हसत होती. त्याने चष्मा काढून पुसला आणि तबकडीचे पुढचे कोरडे दिवस माझ्या नावावर लिहून दिले. म्हटलं ना, वाईट नाही.

हलकं वाटतंय. फेकलं की वाढतं म्हणतात. बघू.

१७ एप्रिल, शुक्रवार

धुकं.

१८ एप्रिल, शनिवार

धुकं. सील माशांचा आवाज येतो, दिसत नाहीत. घुमट नाहीसा झालाय, फक्त पायऱ्या आहेत. पायऱ्यांवर बसून वाट बघितली की कुठे जातात.

२१ एप्रिल, मंगळवार

कोरडी हवा! सकाळपासून तबकडी त्या जागेकडे. माणसांनी हजारो वेळा तिकडे तोंड केलं असेल, पण दर वेळी विसरण्यासाठी. थांबण्यासाठी आज.

२४ एप्रिल, शुक्रवार

दोन झोत आहेत. दोन!

एक आपल्याकडे येतोय, एक लांब जातोय, आणि दोहोंच्या मधे काळाकुट्ट ढग. कुठल्याही जुन्या चित्रात तिथे एक ठिपकासुद्धा नाही. इतकं लहान आहे ते, इतकं गुंडाळलेलं, की स्वतः अजून दिसतच नाही. फक्त त्याने फेकलेलं दिसतं. लांब जाणारा झोत लांबट, वाकडा, समुद्रात सोडलेल्या दोरीसारखा, आणि नेमकी त्याचीच शेपूट आमच्या भांड्यात पडत होती. माझ्या ताऱ्याचा घास तोडला तो याने.

स्टाफान आला, उभ्याउभ्याच बघितलं आणि बसला. पहिल्यांदाच त्याला खुर्ची लागली.

गाडी काढून तडक गुनवॉरकडे. तिच्या दोन्ही तळहातांवर एकदम काढलं, डाव्यावर येणारा, उजव्यावर जाणारा. तिने हात जुळवून मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून बसली, मीही शेजारी. बदकं येऊन पाव मागून गेली. घरी आल्यावर आठवलं की मी जेवलेच नाही.

१४ मे, गुरुवार

नवं तिसरं प्रकरण लिहितेय. लिहितेय म्हणजे ते आपलं आपण उतरतंय. ओसियानने विचारलं, या बाळाचं नाव काय ठेवणार? नियमाप्रमाणे नुसते अंक, म्हटलं. तो म्हणाला, बिचारं.

आज कॉफीला गुनवॉरने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. सगळे ‘रिकामीच’ म्हणायला तोंड उघडून बसलेले, आणि ती शांतपणे पावावर लोणी लावतेय. मजा आली.

२८ मे, गुरुवार

ठोकला!

खिळा ओसियानने दिला, होडीचा, तांब्याचा, चौकोनी. फळी जुन्या भोकांनी चाळणी झालेली. मी हातोडी गुनवॉरच्या हातात दिली. स्टाफान घाबरून पुढे आला, ती बोटं ठेचून घेईल म्हणून. तिने डाव्या अंगठ्याने खिळ्याचं डोकं चाचपलं, नजर लांब खिडकीकडे, आणि ठाण! एका घावात निम्मा आत. दुसऱ्यात पूर्ण. सगळे ओरडले. माझा प्रबंध त्या फळीवर जरा तिरका लोंबतोय आणि मला तो तिरकाच हवाय.

स्टाफान थोडं बोलला. म्हणाला की गुनवॉरने चाळीस वर्षांपूर्वी एवढ्या आकाशातून नेमकी तीच जागा निवडली, आणि चुकूनसुद्धा तिचा हात सोन्यावरच पडला. सगळे हसले. गुनवॉरही हसली.

तिला घरी सोडून आत्ता आले. उजेड अजून भरपूर आहे, समुद्र दुधासारखा. बाकीचं उद्या लिहीन.

२९ मे, शुक्रवार

काल गाडीत मी सहज विचारलं, ती जागा रिकामी म्हणून तू निवडलीस तरी कशी?

"मी कुठे निवडली?" गुनवॉर म्हणाली. "मी म्हणाले होते, तिथे काहीतरी आहे. सगळे पोट धरून हसले. मग तिथे पुन्हा पुन्हा बघितलं त्यांनी, काही सापडलं नाही. म्हणजे सगळ्यांत नीट तपासलेली जागा तीच. वापरायला लागले. नाव मला चिडवायला ठेवलेलं."

पितळी पाटी. ‘रिकामी’वर थांबलेलं बोट. इतक्या वर्षांचे गुरुवार ती विचारत होती, आणि आम्ही सगळे हसत, एका सुरात!

मी गाडी कडेला घेतली. म्हटलं, अगं, मग सांगायचंस तरी.

"सांगितलं होतं ना," ती म्हणाली. "एकदा."